यंत्राला गड्डा माहीत नव्हता

फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारची मीटिंग. भिंतीवर जानेवारी २०२५ चा माझा रिपोर्ट. वेळेत गेलेला माल हिरवा, उशिरा गेलेला लाल. महिन्याची मधली पट्टी कुंकू सांडल्यासारखी लाल. डिस्पॅच बघणाऱ्या मामांना साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो, आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्याकडे टॉवेलची एकही गाठ त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर पडत नाही.

मामा तिथं काही बोलले नाहीत. मीटिंग सुटल्यावर माझ्या टेबलाशी आले, खिशातून घडी घातलेली बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, काढली.

"ऑर्डर ९ तारखेची. माल सुटला २० ला. वायदा सात कामाच्या दिवसांचा. उशीर कुठं झालाय, दाखव."

मी रिपोर्ट ज्यात बनवतो ते सॉफ्टवेअर, पॉवर बीआय, म्हणत होतं आठ दिवस. मामा बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. "१०, ११. १२ ला रविवार. मग गड्डा. १६, १७, १८. रविवार सोड. २०. झाले की सहा! तुझ्या यंत्राला गड्डा माहीत नाय का बे?"

नव्हताच माहीत. १३ ला अक्षता, १४ ला होम, १५ ला दारूकाम. सिद्धेश्वरांच्या यात्रेचे, म्हणजे गड्ड्याचे, हे तीन दिवस आमचा कारखाना बंद असतो. लूमवरची निम्मी माणसं पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चालत असतात. मीही होतो त्या गर्दीत, तरी रिपोर्ट करताना डोक्यात आलं नाही.

मी वापरलेलं फंक्शन नेटवर्कडेज, दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारं. त्याला चार गोष्टी देता येतात: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, साप्ताहिक सुटी आणि सुट्ट्यांचा तक्ता. मी पहिल्या दोनच भरल्या होत्या. तिसरी जागा रिकामी सोडली की ते शनिवार-रविवार सुटी धरतं. शनिवारी सुटी आमच्याकडे कुणाला असते! फक्त रविवारसाठी तिथं ११ हा आकडा टाकावा लागतो. शिवाय ते दोन्ही टोकांचे दिवस मोजतं. आज ऑर्डर आली आणि आजच माल गेला तरी उत्तर एक येतं. आमचा वायदा मात्र ऑर्डरच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. मग उत्तरातून एक वजा केला की झालं, असं आधी वाटलं. पण रविवारी मेलवर आलेली ऑर्डर मुळात मोजलीच जात नाही, तिथं एक वजा केला तर डिस्पॅचला फुकटचा एक दिवस मिळतो. म्हणून सुरुवातीच्या तारखेतच एक मिळवला.

सुट्ट्यांची यादी टाइम ऑफिसच्या बोर्डावरून उतरवून घेतली. त्यात नारळी पौर्णिमाही होती, मार्कंडेयांच्या रथोत्सवाची. असल्या सगळ्या सुट्ट्या तयार यादीत सहसा मिळत नाहीत.

संध्याकाळी रिफ्रेश मारलं. जानेवारी बराचसा हिरवा झाला. मामांना हाक मारणार, तोवर नजर डिसेंबरवर गेली. तिथं नवे लाल ठिपके उगवले होते.

आता कळलं, हे इतके दिवस कुणाच्या लक्षात का आलं नाही. ऑर्डरच्या दिवसाचा एक जास्त आणि मध्ये येणाऱ्या शनिवारचा एक कमी, या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या. मध्ये दोन शनिवार आले की मात्र गणित फिसकटायचं. ६ डिसेंबरच्या शुक्रवारची ऑर्डर १६ च्या सोमवारी गेली होती. जुन्या हिशेबात सात दिवस, हिरवी. नव्या हिशेबात आठ, लाल. आणि डिसेंबरचा तो हिरवागार तक्ता साहेबांनी मोठ्या पार्टीला कौतुकानं मेल केला होता.

रात्रभर विचार केला आणि सकाळी दोन्ही महिने घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी जानेवारी बघितला, मामांना बोलावलं, "कालचं विसरा" एवढंच म्हणाले. मग डिसेंबर उघडला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

"शुक्रवारच्या ऑर्डरी काढ सगळ्या. वर्षभराच्या."

बाहेर आल्यावर मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, शाबासकी.

"जानेवारी नीट केलास, बरं केलंस. डिसेंबर कशाला उकरलास बे?"