गुमास्ता, मुद्रा आणि 'लायसन्स आणा'

नाशिकच्या सिडकोत आमच्या घराची रस्त्याकडची खोली मोकळीच होती. अंबडच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणारे लोक सकाळी दूध-खारीसाठी पार चौकापर्यंत जायचे. म्हणून 2023 मध्ये तिथे किराणा दुकान काढलं.

कागदपत्रांना लोक उगाच घाबरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर घरबसल्या झाली, तीही फुकट. 2021 पासून किरकोळ दुकानदारांनाही ती करता येते. खाद्यपदार्थ विकायचे म्हणून फूड लायसन्सच्या साइटवर छोटी नोंदणी केली. तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर वर्षाला शंभर रुपये लागायचे. घर सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे त्यांचं ना हरकत पत्र, लाइट बिल आणि घरपट्टीची पावती एकत्र ठेवली.

अडलं ते बँकेत. फ्रीज, रॅक आणि पहिला माल यासाठी मुद्राचं, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेतलं, 'किशोर' कर्ज हवं होतं, म्हणजे पन्नास हजारांच्या पुढचं. मी दोन लाख मागितले. साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, गुमास्ता लायसन्स कुठंय?" गुमास्ता म्हणजे दुकानाची कामगार खात्यातली नोंदणी. मी तिचा कागद दाखवला. "ही तर पावती आहे. लायसन्स आणा."

आता गंमत बघा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी प्रमाणपत्र घ्यावंच लागायचं नाही. ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते, बस्स. माझ्या दुकानात कामगार म्हणजे मी आणि कॉलेजातून आल्यावर माझी पुतणी. कामगार खात्याच्या ऑफिसात गेले तर तिथला क्लार्क हसला. "ताई, तुम्हाला लायसन्स लागतच नाही, तर देऊ कुठून?" बँकेत परत आले तर तेच. "आमच्या सिस्टीममध्ये लायसन्स नंबरचा रकाना आहे." मग साहेब रजेवर. मग ऑडिट. मग, "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सॅलरी स्लिप लावू." हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. दुकान माझं, कर्ज माझं, मिस्टर कशाला? मध्येच "काही तारण आहे का?" हेही विचारून झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता आणि तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार!

शेवटी कायद्यातलं कलम 7 छापून घेतलं, त्याखाली लाल पेनाने रेघ मारली, पावती जोडली आणि वर मराठीत अर्ज लिहिला: 'हा कागद चालत नसेल तर कर्ज नाकारण्याचं कारण लेखी द्यावं.' दोन प्रती केल्या आणि एकीवर आवकचा शिक्का मारून घेतला. शिक्का मारताना तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मला मनातल्या मनात फारच बरं वाटलं. त्यानंतर त्या रकान्यात पावतीचाच नंबर बसला. इतके दिवस का बसत नव्हता, हे कोणी सांगितलं नाही.

मंजूर दीड लाख झाले. फ्रीज आणि रॅकचे पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जातात, म्हणून कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या दुकानदाराचंच घ्या. आमच्या ओळखीचा रॅकवाला स्वस्त देत होता, पण त्याच्याकडे नंबर नव्हता. तो सोडावा लागला. मालासाठीची रक्कम सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खात्यात आली. त्यात वापरू तेवढ्यावरच व्याज, त्यामुळे दिवाळीचा माल भरायला ते फार सोयीचं पडतं.

हो, आणि पाटी. छोट्या दुकानालाही मराठी पाटी लागते. इंग्रजी नाव टाकायचं असेल तर त्याची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. उद्यमच्या नावाने पैसे मागणाऱ्या साइट्स गुगलवर सगळ्यात वर दिसतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर आधार नंबर टाकू नका. माझ्या जावेने तिथे पंधराशे रुपये भरले, आणि प्रमाणपत्र आलं ते माझ्यासारखंच.