हेड्रियनची भिंत : वॉल्सएंड ते गिल्सलंड झालं

गिल्सलंडपर्यंत पोचलो. हेड्रियन्स वॉल पाथ ही उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीलगतची पायवाट, एकूण ८४ मैलांची, म्हणजे साधारण १३५ किलोमीटर; त्यातला अवघड भाग आता मागे पडला. बहुतेक वेळा वारा पश्चिमेचा, त्यामुळे पूर्वेकडून निघालं की तो तोंडावरच येतो. तरी मी पूर्व टोकाच्या वॉल्सएंडहूनच निघालो, कारण माइलकासल (दर रोमन मैलावरची छोटी चौकी) पूर्वेकडूनच मोजतात आणि नकाशा वाचायला सोपं जातं.

पहिला टप्पा न्यूकॅसल शहराचा, टाइन नदीच्या काठाने. डांबर, पूल, सायकलवाले. हेडनला भिंतीचा जाडजूड पाया दिसतो, तिथे जरूर थांबा. त्यानंतर बराच वेळ भिंत शोधतच चालायचं. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) बंडानंतर इथून लष्करी रस्ता काढला आणि मैलोन्‌मैल भिंतीचेच दगड खाली घातले. इ.स. १२२ च्या सुमारास सुरू झालेलं बांधकाम, आणि आज त्यावरून गाड्या धावतात! म्हणून या पट्ट्यात भिंतीपेक्षा खंदक बघत चला. उत्तरेला भिंतीचा खंदक, दक्षिणेला व्हॅलम, म्हणजे दोन्ही बाजूंना मातीचे बांध असलेला मोठा चर. एकदा नजर बसली की शेतातही रेघ सुटत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते लाइमस्टोन कॉर्नर. नाव चुनखडीचं, पण दगड डोलेराइट, आपल्या बेसॉल्टचा भाऊबंद. रोमनांनी इथला खंदक अर्धवट सोडला. खोलीसारखे अजस्र धोंडे तसेच पडलेत आणि एकावर पाचरी ठोकायला केलेल्या खाचा अजून स्पष्ट आहेत. बोट घालून पाहिलं. एवढ्या शिस्तीच्या सैन्यानेही इथे हात टेकले.

पुढे हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला ते स्टील रिग. विनशील्ड्सची सर्वोच्च उंची ३४५ मीटर; ऐकून सह्याद्रीवाले हसतील. पण दर खिंडीत पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि लगेच तेवढंच वर चढायचं, गुडघे हसत नाहीत. फोटोतली ती देखणी, सलग भिंत बरीचशी एकोणिसाव्या शतकात जॉन क्लेटनने पडलेले दगड पुन्हा रचून उभी केलेली आहे. काहींना हे खटकतं. मला नाही, त्याने या जमिनी विकत घेतल्या नसत्या तर इथलेही दगड गेले असते. सिकॅमोर गॅप या खिंडीतलं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कापलं गेलं, आता तिथे खोडच आहे.

भिंतीवर चढून चालू नका. गवतावर एकामागोमाग एक न जाता शेजारी शेजारी चाला, म्हणजे खालचे अवशेष एकाच ओळीत झिजत नाहीत. ओल्या हिवाळ्यात तर ही वाट टाळलेलीच बरी.

विंडोलांडा हा रोमन किल्ला वाटेपासून थोडा दक्षिणेला आहे, पण पाय कितीही दुखत असले तरी जा. तिथे सापडलेल्या लाकडी पाट्यांत क्लॉडिया सेवेराने मैत्रिणीला पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे, भिंतीच्याही आधीचं. मूळ पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये.

आता बर्डोस्वाल्ड, कार्लाइल, मग पश्चिम टोकाचं बोनेस. इर्थिंग नदीच्या पलीकडे भिंत आधी दगडाची नव्हतीच, हिरवळीच्या मातीची होती, त्यामुळे पुन्हा खंदक वाचत जायचं आहे. बर्ग बाय सँड्सच्या पुढचा खाजणातला रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. भरतीच्या वेळा बघूनच दिवस ठरवणार.