आज बफरचं गणित सुटलं

कॉलेज सोडून सात वर्षं झाली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी रसायनशास्त्र पुन्हा काढलंय, आणि आजचा जवळजवळ अख्खा दिवस एका बफरच्या, म्हणजे आम्लता फारशी बदलू न देणाऱ्या द्रावणाच्या, गणितात गेला.

सकाळी लॉगवरच गाडी अडली. १० चा लॉग १, १०० चा २, एवढं आठवत होतं. २० चा किती ते काही केल्या आठवेना. मग जुन्या वहीच्या समासात सापडलं: २ चा लॉग ०.३. म्हणजे २० चा १.३! तिथून पुढे पेन्सिल थांबलीच नाही. रक्तात बायकार्बोनेट साधारण २४, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल प्रति लिटर. गुणोत्तर २०. पीकेए, म्हणजे या आम्लाचा ठरलेला आकडा, ६.१; त्यात २० चा लॉग १.३ मिळवला की ७.४. आपल्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त.

कॉलेजात हे सूत्र मी नुसतं घोकलं होतं. श्वास रोखला की खालचा, कार्बन डायऑक्साइडचा आकडा वाढतो, गुणोत्तर घटतं आणि रक्त आम्लाकडे झुकतं, हे आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं.

ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या, १० पायऱ्या अजून बाकी आहेत. त्या उद्या.

रात्री आईला कागद दाखवला. तिने विचारलं, "अगं, मग दमा लागतो तेव्हा असंच होतं का?" म्हटलं, सुरुवातीला बहुधा उलटं. माणूस भराभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड कमी होतो. छाती थकली की मग तो वाढायला लागतो. आई कितीतरी वेळ तो कागद बघत होती.