पालघरच्या मुलांचे आकडे शोधताना: माझा अनुभव

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा तालुक्यांच्या पाड्यांवर आमची छोटी संस्था काम करते. पाच वर्षांखालच्या मुलांचं पोषण आज कसं आहे आणि मागच्या काही वर्षांत त्यात काय फरक पडला, यावर जिल्हा परिषदेसाठी एक टिपण तयार करायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं. आकडे घ्यायचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून, हे आधीच ठरलं होतं. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. जिल्हावार पत्रकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, नोंदणीही लागत नाही. राज्य निवडा, जिल्हा निवडा, पीडीएफ उतरवून घ्या. तेवढं काम चहा संपायच्या आत होतं.

खरा वेळ लागतो तो पत्रक वाचायला. एका जिल्ह्याच्या पत्रकात १०४ निर्देशक, म्हणजे मोजलेल्या बाबी, असतात आणि मुलांचे निर्देशक त्यात विखुरलेले असतात: लसीकरण एकीकडे, स्तनपान दुसरीकडे, वजन-उंची आणखी खाली. मी सगळ्यात आधी तळटिपा वाचल्या आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगेन. कंसात छापलेला आकडा म्हणजे तो २५ ते ४९ जणांच्या माहितीवर आधारलेला आहे. आकड्याच्या जागी तारांकन असेल तर २५ सुद्धा मिळाले नाहीत, म्हणून टक्केवारी दिलेलीच नाही. जुलाब झालेल्या मुलांना ओआरएस मिळालं का, ही ओळ घ्या. प्रश्न फक्त गेल्या दोन आठवड्यांपुरता असतो. जिल्ह्यातल्या नमुन्यात तेवढ्या दिवसांत जुलाब झालेली मुलं असणार तरी किती? अशी ओळ उचलून 'जिल्ह्यात इतके टक्के' म्हणून भाषणात वापरली जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

वजन-उंचीचे तीन आकडे मात्र नीट समजून घ्यावे लागतात. वयाच्या मानाने उंची कमी म्हणजे खुजेपणा. हे बरेच दिवस पोटाला कमी मिळाल्याचं, वारंवार आजारपण आल्याचं लक्षण. उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे मूल कृश. हे अलीकडच्या उपासमारीचं किंवा दुखण्याचं. वयाच्या मानाने वजन कमी, यात दोन्हींची सरमिसळ असते. महाराष्ट्रात चौथ्या फेरीत (२०१५-१६) खुजी मुलं ३४.४ टक्के होती, पाचव्यात ३५.२. एवढ्याशा फरकावरून 'कुपोषण वाढलं' असं मी लिहिलं नाही. नमुना सर्वेक्षणात इतकं मागेपुढे होतंच. पण ते घटलं नाही, हे ठामपणे लिहिलं. कृश मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के, म्हणजे चारातलं एक मूल. तीव्र कृश मुलं ९.४ वरून १०.९ वर गेली. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ वर. हा आकडा वाचून मी थोडा वेळ पुढचं काही वाचूच शकलो नाही. त्याच काळात पूर्ण लसीकरण ५६.२ वरून ७३.५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे यंत्रणा मुलापर्यंत पोहोचते आहे, सुई टोचली जाते आहे, ताटात मात्र पुरेसं पडत नाही. टिपणाचा मुख्य मुद्दा मला इथे मिळाला.

बैठकीत कोणीतरी म्हणालं, "हे सगळं कोविडमुळे झालं असणार." पाचवी फेरी २०१९-२१ ची म्हणून ओळखली जाते, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण ती दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जानेवारी २०२० मध्ये संपला. टाळेबंदी लागली मार्चमध्ये. आपल्या राज्याचे हे आकडे कोविडच्या आधीचे आहेत.

पालघरची अडचण वेगळी. ठाण्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, पण चौथ्या फेरीत जिल्हे धरले होते २०११ च्या जनगणनेचे. म्हणजे तेव्हाची आमची मुलं ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत, भिवंडी-कल्याणच्या मुलांसोबत मोजली गेली. पालघरचं आधीचं आणि नंतरचं असं शेजारी ठेवताच येत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी गावांमधल्या बालमृत्यूंनी जव्हार देशभर माहीत झालं. या सर्वेक्षणाची पहिली फेरीही त्याच वर्षांतली, पण तिचे आकडे राज्यापुरतेच होते. जिल्ह्यांचे आकडे थेट चौथ्या फेरीपासून मिळू लागले. इतकी वर्षं ज्या भागाचं नाव कुपोषणाच्या प्रत्येक चर्चेत येतं, त्याच्या मागच्या फेरीचा रकाना रिकामा असावा, याचं दुःख होतं.

तालुक्याचा आकडाही नाही. पंचायत समितीतून मोखाड्याची टक्केवारी मागितली, तेव्हा हिशेबच समजावून द्यावा लागला: देशात ६,३६,६९९ घरं आणि ७०७ जिल्हे, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं. त्यातली पाच वर्षांखालची मुलं काहीशेच. ती तालुक्यात वाटली तर हाती काहीच उरत नाही. शिवाय वजन-उंची त्याच मुलांची घेतात, जी आदल्या रात्री त्या घरात झोपली होती. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा पाड्यावरच्या बंद घरातलं मूल कोणाच्या हिशेबात येणार?

म्हणून गावपातळीसाठी अंगणवाडीच्या नोंदी घेतल्या. आमच्या अंगणवाडीताईंनी मोबाइलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप, उघडून दाखवलं आणि मग म्हणाल्या, "दादा, आकडा बघण्याआधी मोजतो कसं ते बघा." दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घेतात. आईने डोकं फळीला टेकवून धरलं, ताईंनी एका हाताने गुडघे हलकेच दाबले, दुसऱ्या हाताने पायाकडची फळी सरकवली. मूल रडायला लागलं आणि गुडघा वर आला. ताईंनी फळी मागे घेतली, त्याला आईकडे दिलं, शांत होऊ दिलं आणि परत मोजलं. गुडघा वाकलेला असताना नोंद केली असती, तर एखाद-दोन सेंटिमीटर कमी भरले असते आणि ठीकठाक मूल खुजं ठरलं असतं. जन्मतारखेचंही तसंच, महिन्याचा फरक पडला तरी मूल खुजं की ठीकठाक, हे बदलू शकतं. देवनारच्या पत्रकातली टक्केवारी अशाच हजारो फळ्यांवरून येते, हे त्या ओट्यावर बसून मला नीट कळलं.

टिपणात जिल्ह्याचे सर्वेक्षणातले आकडे आणि पाड्यांच्या नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत दिल्या, एकाची दुसऱ्याशी बेरीज-वजाबाकी केली नाही. प्रत्येक तक्त्याखाली कोणाला मोजलं आणि कोणत्या महिन्यांत, हे लिहिलं. बैठकीत त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, आणि त्यातूनच पुढचं ठरलं: आमच्या पाड्यांवर सगळ्या मुलांचं मोजमाप दिवाळीआधी एकदा, आणि भट्टीवरून माणसं परतली की पावसाच्या तोंडावर पुन्हा एकदा.