मातीची म्हातारी

आज दिवसभर हात मातीत. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी एअर ड्राय क्लेचं, म्हणजे हवेतच वाळणाऱ्या मातीचं, एका म्हातारीचं मुंडकं घडवतेय. आत चुरगळलेल्या फॉइलचा घट्ट गोळा, त्यावर मास्किंग टेप, मग जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती. परवा थर जाड झाला होता; वाळताना माती आकसली आणि कपाळापासून कानापर्यंत तडा गेला. फार वाईट वाटलं. आज तीच माती पाण्यात कालवून भेगेत भरली, ओल्या बोटाने सारवली. एक सुरकुती तरीही उरली, ती मुद्दाम ठेवली. म्हातारीला शोभतेय.

पापण्या करताना मात्र श्वास रोखला होता. खालची पापणी जराशी ओढली आणि चेहरा एकदम माझ्याकडे बघायला लागला! अंगावर काटाच आला. आता दोन दिवस सावलीत वाळू दे, मग रंग.