कानात ठणका, कीड दाढेत

डिसेंबरात डावा कान ठणकायला लागला तेव्हा घरच्यांनी सगळा दोष नागपूरच्या थंडीला दिला. "काहून रे, कानटोपी घालायला लाज वाटते का?" म्हणत आईने लसूण कढवून तेल टाकलं. मग मेडिकलवाल्याने दिलेले थेंब झाले. तीन आठवडे गेले, ठणका तसाच.

धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी आधी तेल आणि मळ पुसून काढला. पुसताना मला खोकल्याची उबळ आली. ते म्हणाले, "व्हेगस नसेची एक फांदी कानात येते, दुसऱ्या काही घशात जातात. म्हणून खोकला." मग दुर्बिणीतून पाहून सांगितलं, "पडदा ठणठणीत आहे. कानात काहीच नाही." रागच आला. रात्रभर कण्हतो ते काय हौसेनं?

"खर्रा खाता?"

खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण; दिवसाला दोन पुड्या. मी खाली पाहिलं. एकाच बाजूचा कान, तोही इतके दिवस, आणि पडदा चांगला, मग घसा पाहायलाच हवा, असं म्हणून त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्रापाशी गाठ असली तरी दुखणं कानात जाणवू शकतं म्हणे. तेवढा वेळ खिशातली पुडी मांडीला टोचत राहिली.

घसा साफ निघाला. मग तोंड. उभी तीन बोटं आत जायला हवीत, माझी दोन जेमतेम गेली. त्यांनी आरशाच्या दांडीने खालच्या शेवटच्या दाढेवर टक् केलं आणि कळ थेट कानात! दाढ मात्र त्याआधी कधी म्हणून दुखली नव्हती.

खालच्या दाढांची नस आणि कानापुढची नस एकाच बुंध्याच्या फांद्या. बुंधा म्हणजे मेंदूतून निघणारी पाचवी नस, ट्रायजेमिनल. सांगावा कोणत्या फांदीवरून आला, यात मेंदूची गफलत होते. मला हे दंतवैद्याच्या खुर्चीवर पटलं. एक्स-रेत कीड मुळापर्यंत दिसली होती. रूट कॅनॉलसाठी जबड्यात भुलीचं इंजेक्शन दिलं, ओठ बधिर झाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा कान गप्प बसला.

आता दाढेवर कॅप आहे. तोंड अजून दोनच बोटं उघडतं, त्यासाठी पुढल्या मंगळवारी परत बोलावलंय.