आमची वाटचाल: जिन्यातला हिरवा ठिपका

2004 साली अंबड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही नवरा-बायकोनं काम सुरू केलं, तेव्हा इमर्जन्सी लाइट विकायला फार बोलावं लागत नव्हतं. नाशिकला लोडशेडिंग रोजचंच होतं. दवाखाने, पतपेढ्या, मंगल कार्यालयं, सगळ्यांनाच लाइट गेली की आपोआप पेटणारा दिवा हवा असायचा. सहा व्होल्टची सीलबंद बॅटरी, चार्जर आणि वीज गेली की दिवा बॅटरीवर टाकणारा एक रिले, एवढाच मामला. सोल्डरिंग माझ्याकडे, हिशोब आणि वसुली तिच्याकडे.

त्या काळात प्रत्येक दिव्याची रोज परीक्षा होत होती, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. बॅटरी उतरली की त्याच संध्याकाळी फोन यायचा. पुढे लोडशेडिंग कमी झालं, इमारतींना जनरेटर आले आणि फोन थांबले. माल उत्तम चाललाय, असं आम्ही धरून चाललो.

2014 च्या पावसाळ्यात एका रुग्णालयात रात्री वीज गेली. जनरेटर चालू व्हायला वेळ लागला, आणि चार मजल्यांच्या जिन्यात आमचा एकच दिवा पेटला. एक आजी पायरी चुकून पडल्या. खरचटण्यावर निभावलं. सकाळी जाऊन मी एकेक दिवा उतरवला आणि फरशीवर बसून उघडला. बॅटऱ्या फुगून डब्याला घट्ट बसलेल्या, टर्मिनलवर पांढरा थर, आणि कडेला माझ्याच अक्षरातलं तारखेचं स्टिकर, पाच वर्षांपूर्वीचं. बाहेरून मात्र प्रत्येकाचा हिरवा ठिपका व्यवस्थित पेटलेला होता. मेन सप्लाय आला आहे, एवढंच तो सांगत होता. ते सर्किट मीच तसं काढलेलं.

टेस्टचं बटण होतं. पण नऊ फुटांवरचं बटण इलेक्ट्रिशियन झाडूच्या दांडीनं दाबतो, दिवा पेटतो, रजिस्टरवर सही होते. शेवटच्या घटका मोजणारी बॅटरीसुद्धा दोन सेकंद दिवा पेटवते. राष्ट्रीय इमारत संहिता दीड तास मागते. दीड तास प्रत्येक दिव्याखाली घड्याळ घेऊन कोण उभं राहणार?

यावर उपाय आधीपासून होता. बॅटरीच्या इमर्जन्सी लाइटनं स्वतःची चाचणी कशी घ्यावी, यासाठी आयईसी 62034 हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. आम्ही ते मागवून घेतलं. दिव्यातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरलेली छोटी चिप, महिन्यातून एकदा थोडा वेळ बॅटरीवर जाऊन बघतो आणि वर्षातून एकदा पूर्ण दीड तास चालवून बघतो. पास झाला तर हिरवा. बॅटरी कमी पडली, चार्जिंग बिघडलं किंवा एलईडी गेला तर तांबडा.

पहिला लॉट एका वसतिगृहात लागला आणि तिथे आमची मोठी चूक झाली. इमारतीचं विजेचं पॅनेल एकदम चालू केल्यामुळे सगळ्या दिव्यांची घड्याळं एकाच क्षणी सुरू झाली होती. वर्ष भरलं त्या संध्याकाळी सगळे एकत्र चाचणीला बसले आणि एकत्रच रिकामे झाले. परत पूर्ण चार्ज व्हायला चोवीस तास. रेक्टरांचा फोन आल्यापासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी त्या इमारतीतच होतो, बॅटऱ्यांचे टॉर्च घेऊन, प्रत्येक मजल्यावर एक ठेवून. त्यानंतर प्रोग्रॅम बदलला. आता प्रत्येक दिवा आपल्या सिरियल नंबरवरून स्वतःचा दिवस ठरवतो. सम आणि विषम नंबरांमध्ये काही दिवसांचं अंतर असतं. एक रिकामा असला तरी शेजारचा भरलेला असतो.

गच्चीखालच्या मजल्यांवर मे महिन्यात निकेल-कॅडमियम बॅटऱ्या उकाड्यानं लवकर जायच्या, म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटवर आलो. वीज वाचवायला वॉचमन रात्री जिन्याचा एमसीबी, म्हणजे तिथली वीज तोडणारा स्विच, पाडतात आणि बॅटरी रोज विनाकारण उतरते, हेही आमच्या दिव्यांमुळेच बऱ्याच सोसायट्यांना पहिल्यांदा कळलं.

विक्री आजही सोपी नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो मिळतोय ना, मग जास्तीचे पैसे कशाला, असं चेअरमन विचारतात. मी वाद घालत नाही. त्यांच्याच जिन्याचा एमसीबी खाली करतो, मोबाइलवर घड्याळ लावतो आणि ऑफिसात चहा घ्यायला बसतो. कितीतरी ठिकाणी चहा संपायच्या आत जिना काळाकुट्ट झालेला आम्ही एकत्र पाहिलाय.

पण तांबड्या ठिपक्याकडे कोणी बघितलंच नाही तर? एका ठिकाणी पेशंटना भीती वाटते म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली सापडली. तेव्हापासून दिवे लावून झाले की आम्ही तिथल्या वॉचमनना आणि सफाई करणाऱ्या मावशींना तासभर घेऊन बसतो, मजल्या-मजल्यावर फिरवतो आणि आमचा नंबर देतो. मोठ्या इमारतींत सगळे दिवे, त्यांची स्थिती एकाच जागी दाखवणाऱ्या पॅनेलला जोडलेले असतात, तरी ही फेरी आम्ही चुकवत नाही. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका मावशींचा फोन आला: "दादा, तिसऱ्या मजल्यावरचा तांबडा झालाय. उद्या येताय ना?" सकाळी नऊला आमचा मुलगा बॅटरी घेऊन तिथे पोचला होता.